उंबरठ्यावरची दहा मिनिटं

नोव्हेंबर 2008 मध्ये अमेरिकेने बराक ओबामांना निवडून दिलं. त्याच दिवशी कॅलिफोर्नियातल्या 52 टक्के मतदारांनी समलिंगी विवाहांवर बंदी आणणाऱ्या प्रस्तावाला कौल दिला. हरलेले लोक सहसा आपसात सुस्कारे टाकतात. लॉस एंजलिसमधले काही कार्यकर्ते मात्र डेव्ह फ्लाइशर यांच्या पुढाकाराने, जिथे आपला सपाटून पराभव झाला त्याच वस्त्यांमध्ये गेले आणि दारं ठोठावून विचारू लागले: का?

अशा हजारो भेटींतून एक पद्धत घडत गेली. पत्रक हातात कोंबून पुढचं दार गाठायचं नाही. आधी विचारायचं, शून्य ते दहामध्ये तुमचं मत कुठे बसतं? समोरचा ‘तीन’ म्हणाला तरी भुवया उंचावायच्या नाहीत. तीनच का, एवढं विचारून ऐकत राहायचं. मग प्रश्न येतो: तुम्ही इतरांहून वेगळे आहात म्हणून कधी कुणी तुम्हाला नावं ठेवली होती का? त्यानं आपलं सांगायचं, कार्यकर्त्यानं आपलं. निघताना आकडा पुन्हा विचारायचा.

याने मतं खरंच बदलतात का? डिसेंबर 2014 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाने ‘हो’ असं उत्तर छापलं. मायकेल लाकूर आणि डोनाल्ड ग्रीन यांच्या निबंधानुसार वीस मिनिटांच्या गप्पांचा परिणाम नऊ महिने टिकत होता. बातमी जगभर गेली.

डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या तरुण संशोधकांना असाच प्रयोग करायचा होता. पण त्यांच्या पाहणीला लाकूर यांच्याइतका प्रतिसाद काही केल्या मिळेना. त्यांनी सर्वेक्षण कंपनीला फोन लावला, तर तिथे या प्रकल्पाचा पत्ताच नव्हता. मे 2015 मध्ये दोघांनी पीटर अरोनो यांच्यासह आकडेवारीतल्या विसंगती जाहीर केल्या. ग्रीन यांनी स्वतःच निबंध मागे घ्यायला सांगितलं. मूळ माहिती लाकूर यांना दाखवता आली नाही, आणि महिनाअखेर ‘सायन्स’ने निबंध रद्द केला.

गंमत अशी की पद्धत मात्र बाद ठरली नाही. त्याच ब्रूकमन-काला यांनी मायामीत 56 कार्यकर्त्यांना 501 मतदारांच्या दारी धाडलं. विषय होता तृतीयपंथीयांबद्दलचा पूर्वग्रह. निम्म्या दारांवर मुद्दाम कचऱ्याच्या पुनर्वापराच्या गप्पा झाल्या, म्हणजे तुलना करता यावी. 2016 मध्ये निष्कर्ष आला: साधारण दहा मिनिटांच्या संवादाने पूर्वग्रह कमी झाला आणि निदान तीन महिने तसाच राहिला. दारावरचा कार्यकर्ता स्वतः तृतीयपंथी असो वा नसो.

याच जोडीने 2018 मध्ये नेहमीच्या निवडणूक प्रचाराचा हिशेब मांडला, तो उमेदवारांना रुचणारा नाही. 49 प्रयोग तपासल्यावर सार्वत्रिक निवडणुकीतल्या पत्रकांचा, फोनचा, गाठीभेटींचा मन वळवण्यावरचा सरासरी परिणाम त्यांना जवळपास शून्य दिसला.

मग दारावरच्या त्या गप्पांत नेमकं चालतं काय? 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच अभ्यासासाठी 230 कार्यकर्ते सात ठिकाणच्या 6,869 मतदारांशी बोलले होते. त्यातल्या स्थलांतरितांविषयीच्या प्रयोगात काहींनी फक्त मुद्दे मांडले, तर काहींनी मुद्द्यांसोबत अनुभवांची देवाणघेवाणही केली. दुसऱ्या गटात फरक पडला. लहानसाच, पण किमान चार महिने टिकला. नुसते मुद्दे ऐकलेल्यांचं मत होतं तिथेच राहिलं.