राजमुद्रेवरील गरुड

गरुड हे सामर्थ्याचे व नेतृत्वाचे प्रतीक मानले जाते. अमेरिकेने २० जून १७८२ रोजी पांढऱ्या डोक्याचा गरुड आपल्या राजमुद्रेवर घेतला. त्याच्या एका पंजात १३ बाण, दुसऱ्यात ऑलिव्हची फांदी. तोंड मात्र फांदीकडे, म्हणजे शांततेकडे. परंतु मुद्रेवर मान मिळालेला हा पक्षी रानात निराधार ठरला. डीडीटी हे कीटकनाशक माशांवाटे त्याच्या पोटात गेले. अंड्यांची कवचे पातळ होऊन ती उबवतानाच फुटू लागली. १९६३ साली अलास्का वगळता घरटी करणाऱ्या अवघ्या ४१७ जोड्या आढळल्या. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, पक्ष्याला कायद्याचे संरक्षण लाभले, आणि २००७ मध्ये संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून त्याचे नाव निघाले. प्रतीक मिरवणे सोपे असते. ते जिवंत राखणे हेच नेतृत्वाचे खरे काम, हे आपण विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे.