रुपयाचा प्रश्न आणि आपल्या घरातली लेक

बाप शाहूपुरीत हमाली करणारा असो, शिरोलीच्या फाउंड्रीत राबणारा असो की इचलकरंजीत माग चालविणारा. लेक अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झाली की घरात एकच विषय निघतो : "आता नोकरी बघ. एम. ए., पीएच. डी. करून पोट कधी भरायचं?"

हा प्रश्न चुकीचा नाही. महिन्याचा किराणा ज्या घरात पगारावर ठरतो, त्या घराने तो विचारलाच पाहिजे. पण उत्तर देण्यापूर्वी बाबासाहेबांच्या शिक्षणाचा हिशेब एकदा मांडून पाहू या. त्यांच्या पदव्या आपल्याला तोंडपाठ आहेत. त्यामागची पैशाची ओढाताण मात्र आपण विसरतो.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय. १९१५ साली ते एम. ए. झाले, १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. एवढ्या बुद्धिमान विद्यार्थ्याचाही अभ्यास पैशापायी थांबला, हे आई-वडिलांनी ध्यानात घ्यावे.

१९१८ साली त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली आणि पगारातून पैसा साठवला. इथे आपल्या कोल्हापूरचा संबंध येतो. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराज बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच वर्षीच्या जुलैत बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. हाती स्वतःची शिल्लक होती, मित्र नवल भथेना यांनी उसने दिलेले ५,००० रुपये होते आणि महाराजांची मदत होती. मागे मुंबईत रमाई काटकसरीने संसार ओढत होत्या. त्या पदवीत त्यांचाही वाटा आहे.

त्याच सुमारास, १९२०-२१ मध्ये, पौंडाच्या तुलनेत रुपया झपाट्याने घसरला. भारतातून नेलेल्या रुपयांचे लंडनमध्ये आधीपेक्षा कमी पौंड हाती येऊ लागले. बाबासाहेबांच्या डी. एस्सी.च्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न! रुपयाची किंमत उतरली की वस्तूंचे भाव आधी चढतात, मजुरी मागाहून रखडत येते. मधला फायदा धंदेवाल्याचा आणि तोटा मजुराचा. १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी मजुराची ही बाजू मांडली.

हा प्रबंध पहिल्या फेरीत पार पडला नाही. १९२२ साली तो सादर झाला, परीक्षकांनी फेरबदल सांगितले. पैसे संपत आल्याने बाबासाहेब १९२३ साली मुंबईला परतले आणि इथूनच तो पुन्हा लिहून पाठविला. त्याच वर्षी डी. एस्सी. मिळाली. त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांना त्यांचे बरेचसे मुद्दे मान्य नव्हते, तरी पुस्तकाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली. संशोधन म्हणतात ते हेच. पाठांतराने ते होत नाही. आपला प्रश्न धरावा लागतो, आकडे जमवावे लागतात आणि परत पाठविलेले पान पुन्हा लिहावे लागते. ही पदवी पाहायला शाहू महाराज मात्र नव्हते. ६ मे १९२२ रोजीच त्यांचे निधन झाले होते.

आज ही वाट आपल्या दारापर्यंत आली आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्राचे एम. ए. आणि पीएच. डी. करता येते. एम. ए.ला किमान ५० टक्के गुण असले की अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला नेट परीक्षेला बसता येते. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. हा दर १ जानेवारी २०२३ पासून लागू आहे. पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. परदेशी जाण्यासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. मुंबईच्या कामगार बापाचा मुलगा नरेंद्र जाधव अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठातून अर्थशास्त्राचा डॉक्टर झाला आणि रिझर्व्ह बँकेत मुख्य अर्थतज्ज्ञ झाला, हे उदाहरण आपल्यासमोर आहे.

दोन गोष्टी मात्र आधीच सांभाळा. दहावीनंतर मुलांना गणित सोडू देऊ नका. पुढच्या अर्थशास्त्रात गणित व संख्याशास्त्र पावलोपावली लागते. आणि अधिछात्रवृत्तीचा हप्ता दर महिन्याला वेळेवर येईलच असे धरून चालू नका. त्यासाठी वस्तीतल्या पाच-दहा घरांनी भिशीसारखी वर्गणी काढून आठ-दहा महिन्यांची सोय आधीच बांधून ठेवावी. नवल भथेनांनी केले ते एका मित्राचे काम होते. आपण मिळून का करू नये?

फाउंड्रीतल्या कंत्राटी कामगाराची मजुरी महागाईच्या मागे का राहते? मागवाल्याचे कर्ज का फिटत नाही? हे प्रश्न आपल्याच चुलीपाशी रोज निघतात. त्यांची उत्तरे आकड्यांनिशी लिहिणारी लेक आपल्याच घरात असेल, तर तिला आणखी चार-पाच वर्षे टेबलाशी बसू द्या.