फास : दोरीतला किती, डोक्यातला किती?

लातूर जिल्ह्यात रेणापूरच्या आसपास काळ्या रानांच्या मध्ये मध्ये मुरमाड माळ लागतात. कुसळी गवत, बोरी-बाभळीची झुडपे आणि सकाळ-संध्याकाळ ऐकू येणारी तितराची साद, ही या माळांची ओळख. अशाच माळांवर फासेपारधी ही जमात पिढ्यान् पिढ्या शिकार करून जगली. पारध म्हणजे शिकार; फास लावून पारध करणारे ते फासेपारधी. त्यांच्याजवळ बंदूक नव्हती. दोरी, खुंट्या आणि सोबत एखादी शिकवलेली गाय एवढेच साहित्य. एवढ्यावर चपळ तितर किंवा हरीण कसे हाती लागत असेल? या प्रश्नात भौतिकशास्त्र आहे आणि त्याहून अधिक प्राणिशास्त्र आहे.

गाठीची गोष्ट

आपण रोज दोन प्रकारच्या गाठी मारतो. सुरगाठ एक टोक ओढले की सुटते, निरगाठ ओढली की अधिक घट्ट बसते. फासाची गाठ या दोन्हींहून वेगळी. तिच्यात दोरीचे एक टोक गाठीतून सरकते आणि कडे लहान होत जाते. पेन्सिलीभोवती सुतळीचा असा सरकफास करून हळूच ओढून पाहा. जितके ओढावे तितके कडे आवळते. ओढणे थांबवले तरी घर्षणामुळे ते आपोआप सैल होत नाही.

येथे एक प्रश्न मुलांना विचारण्यासारखा आहे : कडे आवळायला लागणारी ऊर्जा कोठून येते? आग्नेय आशियातील डोंगराळ जंगलांत, जेथे लाहूंसारख्या शिकारी जमाती राहतात, तेथे बांबू किंवा लवचीक रोप वाकवून त्याला फास बांधण्याची पद्धत आहे. वाकवलेल्या बांबूत ऊर्जा साठते आणि खिट्टी निसटताच ती फास वर खेचते. आपल्या उघड्या माळावर अशी रोपे कोठून आणायची? तेथे फास जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधलेला असतो. पळणाऱ्या पाखराची स्वतःची गतीच त्याला आवळते.

फासासाठी जनावरांच्या स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या बंधांपासून केलेली तात वापरली जाई. लहान पाखरांसाठी घोड्याच्या शेपटीचे केसही चालत. तात मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या समांतर तंतूंची बनलेली असते. हे तंतू ताण चांगला सोसतात. वाळलेली तात थोडी ताठ असल्याने कडे उघडे राहते. ओली झाली की ती मऊ पडते आणि कडे लोळते. म्हणजे हवामानाची जाणही या कामाचाच भाग होती.

पाखरू तेथेच का येते?

माळ एवढा विस्तीर्ण असताना पाखरू नेमके फासापाशी का यावे? कारण प्राणी वाटेल तसे फिरत नाहीत. राखी तितर रात्री काटेरी झाडाझुडपांत बसतो आणि सकाळ-संध्याकाळ जमिनीवर चरतो. धोका दिसला तर तो शक्यतो पळतो, उडतो अगदी नाइलाज झाल्यावर. पळताना तो झुडपांमधल्या ठरलेल्या फटी धरतो. पारधी या फटींत फासांची रांग लावतो आणि बाजूच्या मोकळ्या जागा काटक्यांनी बंद करतो. पाखराला वाटते, वाट आपण निवडली!

पुढचा प्रश्न पाखराला त्या बाजूला वळवायचे कसे, हा. माणूस दिसला की तितर लांबूनच सावध होतो. गुराढोरांच्या मात्र पायाशी चरतो. म्हणून पारधी शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशाने चालतो. जनावर चरत चरत पुढे सरकते, तितर न घाबरता हळूहळू त्याच्यापुढे सरकत राहतात आणि रांगेत शिरतात. घाई केली तर सगळे उडून जातील. प्राणी किती अंतरावर पळ काढतो, याला आजचे अभ्यासक पलायन-अंतर म्हणतात. हे अंतर समोर कोण आहे यावर अवलंबून असते. अभयारण्यात पायी माणसापासून दूर पळणारे हरीण जीपला बरेच जवळ येऊ देते, ते याच कारणाने.

आणखी एक रीत म्हणजे पिंजऱ्यातला पाळीव तितर. तो ओरडला की त्या हद्दीतला रानटी नर त्याला हुसकावायला धावून येतो आणि भोवतीच्या फासांत अडकतो. येथे आमिष अन्नाचे नाही, हद्द राखण्याच्या उपजत प्रवृत्तीचे आहे.

चित्तेपारध्यांचे उदाहरण तर विलक्षण आहे. राजेरजवाड्यांसाठी ते जिवंत चित्ते पकडत. चित्ते ठरावीक झाडांपाशी पुन्हा पुन्हा येतात, खोडावर नखे घासतात, गंधाच्या खुणा ठेवतात. चित्तेपारधी असे झाड हेरून त्याच्याभोवती फास मांडत. आफ्रिकेत नामिबियात आज संशोधकही अशाच झाडांपाशी पिंजरे लावून चित्ते पकडतात आणि अभ्यास करून सोडतात. भारतातला चित्ता १९५२ साली नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. मधल्या काळात चित्तेपारध्यांच्या ज्ञानाला मात्र कामच उरले नाही.

कायदा आणि शिक्का

हे वर्णन वाचून कोणी फास लावू नये, हे स्पष्ट सांगायला हवे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. ती योग्यच आहे. माळ नांगरले गेले, गवत कमी झाले आणि पाखरांची संख्या पूर्वीसारखी राहिली नाही. पिकाभोवती रानडुकरांसाठी लावलेले तारेचे फास तर अधिकच वाईट. ते लावणारा जवळ नसतो. त्यात बिबट्या सापडला काय किंवा गावचे कुत्रे सापडले काय, तार फरक करीत नाही.

परंतु पारध्यांच्या वाट्याला आलेला कायदा एवढाच नव्हता. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे पारधीही त्याच्या कक्षेत आले आणि जन्मालाच गुन्हा चिकटवला गेला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. आज महाराष्ट्रात पारध्यांची नोंद अनुसूचित जमातींत आहे. तरीही गावात चोरी झाली की पहिला संशय पारध्यांच्या पालावर जातो. एका कायद्याने शिक्का मारला, दुसऱ्याने पोटाचे साधन बंद केले. पर्यायी साधन देण्याची जबाबदारी मात्र पुरेशी कोणी घेतली नाही.

ज्ञान मारक असतेच असे नाही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास केला, तेव्हा पक्षी इजा न होता पकडण्यासाठी बिहारमधील मीरशिकारांचे कसब उपयोगी पडले. पायात कडी घालून ते पक्षी पुन्हा सोडले गेले. विदर्भात अकोला-वाशीम भागात संवेदना या संस्थेबरोबर फासेपारधी तरुणांनी तणमोराच्या नोंदी घेण्याचे आणि गवताळ माळ राखण्याचे काम केले आहे. ज्या डोळ्यांनी पाखरू हेरले जाई, तेच डोळे आता त्याची राखण करतात.

वर्गात काय करता येईल?

शाळेच्या कुंपणाला किंवा बांधाला जेथे फट असेल, तेथे संध्याकाळी चाळलेल्या बारीक मातीचा एक मीटर लांबीचा पट्टा हाताने सपाट करा. तेवढाच दुसरा पट्टा उघड्या मैदानात करा. सकाळी दोन्हींवरचे ठसे मोजा, कोणाचे आहेत ते ओळखा, कोणत्या दिशेने गेले ते पाहा. आठवडाभर नोंदी ठेवा. फटीतल्या पट्ट्यावर ठसे अधिक उमटले तर ते का, हे मुलांनाच शोधू द्या. एकही प्राणी न पकडता फासामागचे तत्त्व त्यांच्या हाती येईल.

वर्गात पारध्यांचे मूल असेल तर त्याला उभे करून ‘तुझे वडील शिकार कशी करतात?’ असे मात्र विचारू नये. चारचौघांत तो प्रश्न राहत नाही, आरोप होतो. मातीवरचे ठसे सर्वांपुढे ठेवून ‘हा कोणाचा पाय?’ एवढेच विचारावे. उत्तर त्या मुलाकडून आले, तर वर्गाने ते वहीत उतरवून घ्यावे.