जायला दहा मिनिटं, परत यायला चार दिवस?

"डीआर साइटवर दहा मिनिटांत गेलो, मग परत यायला चार दिवस कसले?" डीआर साइट म्हणजे आपत्तीत काम चालू ठेवायची पर्यायी जागा; प्रत्येक आपत्तीनंतर हा प्रश्न ऐकू येतो. समोर रात्रभर जागलेला सिस्टिम ॲडमिन असतो आणि विचारणाऱ्याने धरून चाललेलं असतं की आयटीवाले ढिलाई करताहेत. ते ढिलाई करत नसतात.

जाताना डेटा जवळजवळ हलतच नाही. तो कित्येक महिने थोडा थोडा तिकडे पोचलेला असतो. त्या दिवशी तिथली व्हर्च्युअल मशीन्स फक्त चालू करायची असतात. परतताना मूळ जागेवरची प्रत शिळी झालेली असते, नाहीतर स्टोरेजच गेलेलं असतं. गेलं असेल तर सगळं नव्याने आणायचं. हिशेब मांडून बघा: १ गिगाबिटची लाइन म्हणजे सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट. १० टेराबाइटला २२ तास, तेही अख्खी लाइन याच कामाला दिली तर. १०० मेगाबिटवर सव्वानऊ दिवस!

शिळी प्रत शाबूत असली, तरी अनेक प्रणाली दोन्हीकडच्या डिस्क वाचून ब्लॉकमागून ब्लॉक ताडतात. सेकंदाला २०० मेगाबाइट वाचणाऱ्या स्टोरेजला १० टेराबाइट नुसतं वाचायलाच १४ तास लागतात. स्क्रीनवर ३७ टक्के, लाइन जवळपास रिकामी, आणि फोनवर फोन, ते याच वेळी.

"मग लाइन वाढवा." थांबा. नेटवर्कवर डेटा नेणारं टीसीपी एका वेळी ठरावीक डेटा पाठवतं आणि पोचपावतीची वाट पाहतं; त्या ठरावीक मापाला विंडो म्हणतात. ही विंडो ६४ किलोबाइटवर अडली असेल आणि जाऊन-येऊन ३० मिलिसेकंद लागत असतील, तर एका कनेक्शनमधून सेकंदाला साडेसतरा मेगाबिटच्या वर काही जात नाही, लाइन कितीही मोठी घ्या. मोठ्या विंडोची सोय १९९२ च्या आरएफसी १३२३ या इंटरनेट दस्तऐवजातच झाली आहे. वाटेतल्या फायरवॉलने ती बंद पाडली नाही ना, हे पैसे खर्च करण्याआधी तपासा.

परतीचं काम ९९ टक्क्यांवर थांबलं म्हणजे बिघाडच, असं नाही; लोक काम करत असतात आणि नवे बदल येतच राहतात. कॉम्प्रेशनने निम्मं होईल? एन्क्रिप्ट केलेला डेटा दबत नाही. रेप्लिकेशन, म्हणजे तिकडे सतत प्रत पाठवत राहणं, हाच बॅकअप? चुकून पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते.

२ मार्च २०२४ च्या शनिवारी एनएसई आणि बीएसई या शेअर बाजारांनी खरे व्यवहार चालवून डीआर साइटवर जाण्याची चाचणी घेतली. तुमच्याकडेही ड्रिल होत असेल. पुढच्या वेळी ती तिकडे पोचल्यावर संपवू नका; परत या, आणि किती तास लागले ते आराखड्यात लिहून ठेवा.