विमान चारचं, बोट साडेअकराची

दुपारी चारचं दिल्लीचं विमान गाठायचं असेल, तर अलिबागहून किती वाजता निघावं? सकाळी दहाला. चेष्टा नाही, हिशेब उलटा मांडून बघा. विमानतळावर दोनला हजर राहायचं. भाऊच्या धक्क्यावरून तिथवर जायला रस्ता माणसात असला तर तास, नसला तर दीड तास. म्हणजे बोट साडेबाराला धक्क्याला लागली पाहिजे आणि मांडव्याहून साडेअकराला सुटली पाहिजे. गाडी चढवायची तर पाऊण तास आधी रांगेत. अलिबाग ते मांडवा वीसेक किलोमीटर, त्यात चोंढीचा बाजार. झाले की नाही दहा? मुंबई-दिल्ली हे अंतर विमान दोन-सव्वादोन तासांत कापतं, आणि आपण त्याच्या शिडीपर्यंत पोचायला सहा तास घेतो.

हा हिशेब मोठ्या माणसांचा झाला. सोबत दीड-पावणेदोन वर्षांचं दुडदुडणारं लेकरू असेल तर एक बोट आधीची धरा. निघायच्या क्षणी डायपर बदलावा लागतोच, आणि एक बूट कुठं गेला ते घरात कुणालाच सांगता येत नाही.

बोट आली, टाळेबंदीही आली

मांडवा म्हटलं की एका पिढीला १९९० चा ‘अग्निपथ’ आठवतो. आता आठवते ती ‘प्रोटोपोरोस’, गाड्या पोटात घेऊन जाणारी रो-पॅक्स बोट. ग्रीसमध्ये बांधलेली ही बोट १५ मार्च २०२० ला सुरू झाली. तारीख पुन्हा वाचा. दहा दिवसांत सगळा देश घरात बसला आणि नवीकोरी बोट धक्क्याला. ऑगस्टमध्ये ती पुन्हा धावू लागली. एका वेळी सुमारे पाचशे माणसं आणि १४५ गाड्या मावतात. रस्त्यानं हेच अंतर शंभर किलोमीटरच्या पुढं, वर वडखळ नाक्याची मर्जी. समुद्रातून जेमतेम वीस किलोमीटर आणि तासाभराचा प्रवास.

गेटवेवरून सुटणाऱ्या लाँचींमध्ये गाडी नेता येत नाही, आणि पावसाळ्यात त्या बंदच असतात. ही मोठी बोट हवामान बरं असेल तर पावसाळ्यातही चालते. जुलैमध्ये विमान असलेल्यांनी हे डोक्यात ठेवावं, आणि हवामान बरं नसेल तर काय करायचं हेही.

माझं मत विचाराल तर या अख्ख्या प्रवासात लेकराला सर्वात मानवणारा तास बोटीवरचा. गाडीत ते पट्ट्यात जखडलेलं असतं, विमानतळावर रांगेत आणि विमानात मांडीवर. बोटीवर त्याला चालता येतं. एक मोठं माणूस फक्त त्याच्या मागं फिरायला मोकळं ठेवा, आणि कठड्यापाशी हात सोडू नका.

बोट लागते कुणाला?

आजी लिंबू, आवळा सुपारी, ओवा असा सगळा दवाखाना पिशवीत भरून देते. लेकरासाठी त्याची फारशी गरज नसते. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी किंवा बोट लागणं क्वचितच घडतं. हा त्रास साधारण दोन ते बारा या वयात जोरात असतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग ‘आपण हलतोय’ म्हणून कळवतो, डोळे मात्र मोबाइलवर खिळलेले असतात आणि ‘सगळं स्थिर आहे’ असं सांगतात. या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. उपाय स्वस्त आहे. मोबाइल खिशात, नजर क्षितिजावर. आवळा सुपारी बहुधा बाबांनाच लागेल.

बघायलाही भरपूर असतं. न्हावाशेव्याच्या बाजूला क्रेनची रांग, घारापुरीचे डोंगर, नांगर टाकून उभी असलेली जहाजं. हिवाळ्यात कुरव पक्षी बोटीच्या मागं लागतात. लोक त्यांना वेफर्स आणि गाठ्या फेकतात, लेकरं टाळ्या पिटतात. टाळ्या चालतील, गाठ्या नकोत. तेलकट, खारट खाणं पक्ष्यांना बाधतं.

घ्या, घ्या, घ्या… बस!

बोटीत गाडी लावणं हा प्रकार एकदा नीट बघण्यासारखा आहे. लोखंडी रॅम्पवर चाकं चढली की धडाड असा आवाज होतो आणि मागच्या सीटवरचं लेकरू एक तर दचकतं, नाही तर ‘पुन्हा!’ म्हणतं. पुढं जाकीट घातलेला माणूस दोन्ही हातांनी बोलावत असतो, तुमची नजर आरशात नाही तर त्याच्या बोटांवर हवी. शेजारची गाडी इतकी जवळ येते की दार वीतभर उघडतं. त्या फटीतून तुम्ही पोट आत ओढून निघाल, पण कारसीटमधून पोर कसं काढाल? लेकरू ज्या बाजूला बसलंय ते गाडी थांबवायच्या आधीच त्या माणसाला सांगा. दूध, डायपर, कपड्यांचा जादा जोड आणि ते एकमेव लाडकं सशाचं बाहुलं एकाच पिशवीत भरून वर न्या. मधेच गाडीकडे परत जायचा बेत करू नका. हँडब्रेक ओढा. गाडीचा अलार्म फार हळवा असेल तर बंद करा, इंजिनाच्या थरथरीनं तो तासभर बोंबलू शकतो.

चाकं असलेलं वाहन थेट बोटीत ढकलायची ही कल्पना मुळात रेल्वेची. स्कॉटलंडमध्ये १८५० साली ‘लेव्हिएथन’ नावाच्या बोटीवर मालडबे रुळांवरून सरकवले जाऊ लागले. मोटारींच्या नशिबी हे सुख उशिरा आलं. डोव्हर-कॅले मार्गावर १९२८ मध्ये टाउनसेंड नावाच्या गृहस्थांची मोटारी नेणारी बोट सुरू झाली, तेव्हा गाड्या क्रेननं उचलून चढवायचे. लेकरांनी किती टाळ्या पिटल्या असत्या!

उधाण, भांग आणि दुपारची झोप

मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या पुढं जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे कोळीवाड्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, आणि धक्क्याजवळच्या गाळाला कुणाच्या विमानाशी देणंघेणं नसतं. म्हणून गेल्या महिन्याचं वेळापत्रक लक्षात ठेवून निघू नये. आदल्या दिवशी पुन्हा बघावं आणि शनिवार-रविवारी गाडीची जागा आधीच राखून ठेवावी.

लेकराच्या झोपेचंही एक वेळापत्रक असतं, ते भरतीहून कडक. झोप बोटीवर लागू देऊ नका. तिथं दमवा, आणि पूर्व मुक्त मार्गावर झोपू द्या. २०१३ मध्ये सुरू झालेला हा रस्ता धक्क्याजवळून चेंबूरकडे जातो, वाटेत सिग्नल नाही, थांबणं नाही.

भाऊच्या धक्क्याचे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. एकोणिसाव्या शतकात त्यांनी धक्का बांधला आणि कोकणच्या उतारूंची सोय केली. लेकराला हे सांगून उपयोग नाही, पण ड्रायव्हिंग करणाऱ्याला जागं ठेवायला बरं पडतं.

आपण एकटे नाही

कॅनडात टोरंटोचा बिली बिशप विमानतळ बेटावर आहे. तिथं गाड्या नेणाऱ्या बोटीनं जायचं अंतर फक्त १२१ मीटर, वेळ दीडेक मिनिट. आपल्याकडे सिग्नल याहून जास्त वेळ लाल असतो. बोटीचं नाव ‘मॅरिलिन बेल’. ही मुलगी १९५४ मध्ये, सोळाव्या वर्षी, ऑन्टॅरिओ सरोवर पोहून गेली, सुमारे २१ तास लागले. पायी जाणाऱ्यांसाठी २०१५ मध्ये पाण्याखालून बोगदाही झाला.

त्याच देशातल्या प्रिन्स रुपर्ट गावात विमानतळाची बस उतारूंसकट फेरीवर चढते. अलास्कातल्या केचिकानचा विमानतळही पलीकडच्या बेटावर, आणि मधे फेरी. तिथं पूल बांधायचा घाट घातला, तर अमेरिकाभर ‘कुठेच न जाणारा पूल’ म्हणून त्याची टिंगल झाली आणि बेत बारगळला. फेरी चालूच आहे.

जवळचंच हवं तर गोव्यातलं दिवाडी बेट. मांडवी ओलांडायला फेरीबोट, चालणाऱ्याला तिकीट नाही, गाडीला आहे. पाच मिनिटांत पार. पण दाबोळी गाठायचं असो की मोपा, पहिला प्रश्न तोच: फेरीबोट या काठाला आहे की त्या?

दुसरा वाढदिवस जरा सांभाळून

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसून जाऊ शकतं, त्याचं भाडं नाममात्र. जाताना ते तेवीस महिन्यांचं असेल आणि दिल्लीत केक कापून परत येणार असेल, तर येताना वेगळी सीट आणि वेगळं तिकीट. जन्मदाखला जवळ ठेवा, काउंटरवर वय विचारतात. बाबागाडी बहुतेक विमान कंपन्या दारापर्यंत नेऊ देतात. परदेशी विमानाला शंभर मिलीचा नियम असला तरी बाळाच्या दुधाला आणि खाण्याला सूट असते. विमान उतरताना कान दुखतात तेव्हा काहीतरी चोखायला द्या. गिळताना कानातली नळी उघडते आणि दाब मोकळा होतो. दुधाची बाटली त्यासाठी राखून ठेवा, मांडव्यालाच संपवू नका.

आणि तिकीट काढताना विमानतळाचं नाव नीट वाचा. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली आहेत. तिकिटावर ‘बीओएम’ऐवजी ‘एनएमआय’ असेल, तर अलिबागकरांनी मांडव्याकडे वळायचंच नाही. पेणवरून थेट पनवेलकडे. बोट नाही, रॅम्प नाही, कुरव नाहीत. बोटीत बसायचं म्हणून तुम्ही आठवडाभर आधीच सांगून ठेवलं असेल, तर वडखळपर्यंत गाडीत काय होईल ते तुमचं तुम्ही बघा.