चार हजारांची स्पीकर केबल घ्यावी का?

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय: ‘दादा, बाबांसाठी होम थिएटर घेतलं. दुकानदार म्हणतो चार हजारांची केबल टाका, आवाज खुलेल. टाकू का?’

थांब, आधी गणित करू. स्पीकर 5 मीटरवर असेल तर करंट जाऊन-येऊन 10 मीटर तांब्यातून फिरतो. 1.5 स्क्वेअर एमएम वायरचा तेवढ्याला रेझिस्टन्स साधारण 0.115 ओहम, स्पीकर 8 ओहमचा. आवाजातली घट 0.12 डेसिबल. कानाला कळणारच नाही!

मग केबलने फरक पडतच नाही? पडतो ना. बॉक्समधली बारीक 0.5 ची वायर मागच्या 4 ओहमच्या स्पीकरपर्यंत 10 मीटर ओढलीस, तर जवळपास 1.4 डेसिबल गेले. तिथे जाड वायर हवीच. फक्त ‘सीसीए’ लिहिलेली नको. ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं, रेझिस्टन्स साधारण दीडपट.

म्हणून इलेक्ट्रिकलच्या दुकानातून तांब्याची साधी दोन पदरी वायर आण. आणि जोडताना प्लस-मायनस नीट बघ. एका स्पीकरचं उलटं लागलं की बेस गायब होतो, आणि बिचाऱ्या केबलला शिव्या बसतात.