अणुऊर्जेविषयीची जनभावना : अज्ञान की अविश्वास? (जैतापूर प्रकल्पाच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : अणुऊर्जा, अण्वस्त्रे, किरणोत्सर्ग, जोखीम-संवेदन, नियामक यंत्रणा, जैतापूर

प्रस्तावना

अणुऊर्जेला होणारा लोकांचा विरोध हा अज्ञानातून निर्माण होतो, असे प्रतिपादन शासकीय व वैज्ञानिक वर्तुळात वारंवार केले जाते. लोकांना पुरेशी माहिती दिली की भीती दूर होईल आणि विरोध मावळेल, असे त्यामागील गृहीतक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात माडबन येथे प्रस्तावित असलेल्या जैतापूर अणुविद्युत प्रकल्पाचा इतिहास मात्र हे गृहीतक अपुरे असल्याचे दर्शवितो. लोकांची भीती किरणोत्सर्गाची जितकी असते, तितकीच ती किरणोत्सर्गाविषयी माहिती देणाऱ्या संस्थांवरील अविश्वासाचीही असते. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे विवेचन केले आहे.

अणुतंत्रज्ञानाचे दुहेरी स्वरूप

युरेनियमच्या अणुकेंद्रकाचे विखंडन हीच प्रक्रिया वीजनिर्मितीच्या आणि बॉम्बच्या मुळाशी आहे. अणुभट्टीत हे विखंडन नियंत्रित असते, तर बॉम्बमध्ये ते क्षणार्धात व अनियंत्रितपणे घडवून आणले जाते. शिवाय अणुभट्टीत वापरलेल्या इंधनापासून प्लुटोनियम वेगळे करता येते व ते अण्वस्त्रासाठी उपयोगी पडते. कॅनडाच्या साहाय्याने तुर्भे येथे उभारलेली ‘सायरस’ ही संशोधन अणुभट्टी शांततामय उपयोगासाठी होती; परंतु १९७४ च्या पोखरण चाचणीसाठी लागणारे प्लुटोनियम याच अणुभट्टीतून मिळाले.

या चाचणीचे राजकीय परिणाम दूरगामी ठरले. अणुपुरवठादार देशांचा गट स्थापन झाला आणि भारताला बाहेरून मिळणारे अणुसाहाय्य जवळजवळ थांबले. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूर केंद्राच्या इंधनपुरवठ्याचा प्रश्नही त्यातूनच उभा राहिला. १९९८ च्या चाचण्यांनंतर निर्बंध आणखी वाढले. भारत-अमेरिका अणुकरार आणि सप्टेंबर २००८ मध्ये पुरवठादार गटाने दिलेली सवलत यांमुळे ही कोंडी फुटली. नागरी व लष्करी अणुभट्ट्या वेगळ्या करण्याचे भारताने मान्य केले आणि परदेशी अणुभट्ट्यांच्या आयातीचा मार्ग मोकळा झाला. जैतापूर प्रकल्पाला गती मिळाली ती या पार्श्वभूमीवर.

या दुहेरी स्वरूपाचा देशांतर्गत परिणामही ध्यानात घेण्याजोगा आहे. वीज आणि अण्वस्त्रे या दोहोंशी संबंधित कार्य एकाच अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली वाढले. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने शासनाला माहिती गोपनीय ठेवण्याचे व्यापक अधिकार दिले. संरक्षणासाठी आवश्यक मानलेली गोपनीयता अशा रीतीने वीजनिर्मितीच्या क्षेत्रातही रुजली.

धोक्याचे मोजमाप आणि धोक्याची जाणीव

अणुअपघातांविषयीचे शास्त्रीय अंदाज आणि लोकांची जाणीव यांत अंतर आहे, हे नाकारता येत नाही. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथे झालेल्या अपघातानंतरच्या काही आठवड्यांत सुमारे ३० कर्मचारी व अग्निशामक मृत्युमुखी पडले. पुढील काळात बालपणी किरणोत्सर्गाला सामोरे गेलेल्या हजारो व्यक्तींना थायरॉईड ग्रंथीचा कर्करोग झाल्याचे आढळले. ११ मार्च २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेत मात्र किरणोत्सर्गापेक्षा स्थलांतराच्या हालअपेष्टांमुळे झालेली जीवितहानी कितीतरी अधिक होती. दीड लाखाहून अधिक लोकांना तेथे घरे सोडावी लागली.

तथापि लोक जोखीम केवळ मृतांच्या संख्येवरून मोजत नाहीत. चॉन्सी स्टार यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की स्वेच्छेने पत्करलेली मोठी जोखीमही माणसे सहन करतात. इतरांनी लादलेली लहान जोखीम मात्र त्यांना असह्य होते. पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये ही मांडणी पुढे नेली. जो धोका डोळ्यांना दिसत नाही, ज्याचे परिणाम उशिरा प्रकट होतात, जो आपल्या नियंत्रणात नाही आणि ज्यातून मोठा संहार संभवतो, तो लोकांना अधिक भयावह वाटतो. किरणोत्सर्गात ही सर्व लक्षणे एकवटलेली आहेत. हिरोशिमा व नागासाकीच्या स्मृतीमुळे ‘अणू’ या शब्दालाच संहाराची छाया चिकटली आहे. म्हणून ही भीती अविवेकी ठरत नाही. ती मूल्यमापनाची वेगळी रीत आहे.

फुकुशिमाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. तेथील केंद्र सुमारे ५.७ मीटर उंचीच्या लाटेचा विचार करून सुरक्षित मानले गेले होते. प्रत्यक्षात आलेली लाट सुमारे १४ ते १५ मीटर उंचीची होती. जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये ही दुर्घटना मानवनिर्मित असल्याचा निष्कर्ष काढला आणि शासन, नियामक व वीजकंपनी यांच्या संगनमतावर ठपका ठेवला. दोष केवळ यंत्राचा नव्हता. यंत्रावर देखरेख करणाऱ्या व्यवस्थेचाही होता.

जैतापूर : विरोधाचे स्वरूप

जैतापूर येथे प्रत्येकी १६५० मेगावॉट क्षमतेच्या सहा फ्रेंच बनावटीच्या अणुभट्ट्या, म्हणजे एकूण ९९०० मेगावॉट क्षमता, आरंभी प्रस्तावित होती. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या परिसरातील सुमारे ९३८ हेक्टर जमीन त्यासाठी संपादित करण्यात आली. बहुसंख्य खातेदारांनी सुरुवातीला मोबदल्याचे धनादेश नाकारले. मे २०१० मध्ये माडबन येथे पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. परंतु पर्यावरण-आघात अहवालाच्या मराठी प्रती सर्व ग्रामपंचायतींना वेळेत मिळाल्या नाहीत, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३५ अटींसह मंजुरी दिली. त्यानंतर आठवडाभरातच फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या भारतभेटीत प्रकल्पाचे करार झाले. मंजुरी अभ्यासावर आधारलेली होती की पाहुण्यांच्या वेळापत्रकावर, असा प्रश्न लोकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक होते.

विरोधकांचे मुद्दे पाहिले असता ते केवळ किरणोत्सर्गापुरते मर्यादित नव्हते, हे दिसून येते. साखरी नाटे येथील मच्छीमारांना समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची आणि सुरक्षा क्षेत्रामुळे मासेमारीवर येणाऱ्या बंधनांची चिंता होती. बागायतदारांना हापूसच्या बागांची काळजी होती. फुकुशिमानंतर विरोध तीव्र झाला आणि १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका आंदोलकाचा मृत्यू झाला. पुढे मोबदल्याची रक्कम वाढविण्यात आली व अनेकांनी ती स्वीकारली. तरीही मच्छीमारांचा प्रश्न जमिनीच्या दराने सुटणारा नव्हता, कारण समुद्राचा सातबारा त्यांच्या नावावर नाही.

प्रकल्प रखडण्याचे खापर मात्र केवळ स्थानिकांवर फोडता येत नाही. विजेचा दर, अपघातप्रसंगीचे दायित्व आणि या अणुभट्टीच्या बांधणीतील अडचणी ही कारणेही तितकीच महत्त्वाची आहेत. फ्रान्समधील फ्लामांव्हील येथील याच प्रकारच्या अणुभट्टीचे बांधकाम २००७ मध्ये सुरू झाले आणि तिची वीज डिसेंबर २०२४ मध्ये प्रथमच जाळ्यात आली.

नियामकाची स्वायत्तता

अविश्वासाचे मूळ संस्थात्मक रचनेत आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते, त्याच्या अध्यक्षपदी अणुऊर्जा विभागाचे सचिवच असत. ज्याच्यावर देखरेख ठेवायची, त्याच्याच हाताखाली नियामक, अशी ही स्थिती होती. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात मंडळाच्या दुय्यम दर्जावर बोट ठेवले. स्वायत्त नियामकासाठी २०११ मध्ये मांडलेले विधेयक २०१४ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर व्यपगत झाले.

संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केलेल्या ‘शांती’ कायद्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुदायित्व कायदा रद्द केले. या क्षेत्रात खासगी कंपन्यांना प्रवेश मिळाला आणि नियामक मंडळाला वैधानिक दर्जा देण्यात आला. दुसरीकडे, सदोष सामग्री पुरविणाऱ्या पुरवठादाराकडून भरपाई वसूल करण्याचा २०१० च्या कायद्यातील हक्क संकुचित झाला. वैधानिक दर्जा आणि प्रत्यक्ष स्वायत्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत. नियुक्त्या कोण करतो, निधी कोठून येतो आणि अहवाल कोणापुढे ठेवले जातात, यांवरच स्वायत्ततेची कसोटी लागेल.

समारोप

भारताच्या एकूण वीजनिर्मितीत अणुऊर्जेचा वाटा सुमारे ३ टक्के आहे. हवामानबदलाच्या पार्श्वभूमीवर तो वाढविण्याचा विचार गंभीरपणे केला जाणे योग्यच आहे. परंतु तो वाढविताना जनमत हा प्रचाराने दूर करावयाचा अडथळा मानला गेला, तर जैतापूरचीच पुनरावृत्ती होईल. स्थानिक भाषेत वेळेवर दिलेली माहिती, मान्य-अमान्य करण्याचा खरा वाव असलेली जनसुनावणी, स्वायत्त नियामक आणि दायित्वाची स्पष्ट वाटणी या चार गोष्टींवाचून विश्वास निर्माण होत नाही. महाविद्यालयीन अध्यापकांनीही हा विषय केवळ पदार्थविज्ञानाच्या तासापुरता न ठेवता राज्यशास्त्र, अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांच्या वर्गांत आणला पाहिजे. अणूचे विखंडन कसे होते हे विद्यार्थ्याला कळणे आवश्यक आहेच. त्याबरोबरच त्याविषयीचा निर्णय कोण घेतो आणि त्याची किंमत कोण चुकवतो, हेही त्याला कळले पाहिजे.